हातांनी बोलणाऱ्या घरातली लेक

आईबाबा दोघंही बधिर असले की मूलही बधिरच होणार, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात अशा जोडप्यांची दहापैकी साधारण नऊ मुलं ऐकणारी असतात. कुणाचं ऐकणं लहानपणीच्या मेंदूज्वराने गेलेलं असतं, कुणाचं आईला गरोदरपणात झालेल्या रुबेलामुळे. ही कारणं पुढच्या पिढीत उतरत नाहीत. आनुवंशिक बधिरत्वामागे तर शंभराहून अधिक जनुकं असू शकतात, आणि बहुतेकदा एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच ऐकू येत नाही. आईच्या बाबतीत तो बदल जीजेबी२ या जनुकात आणि बाबांच्या बाबतीत भलत्याच जनुकात असेल, तर लेकीला प्रत्येक जनुकाची एक तरी चांगली प्रत मिळते. ती ऐकते.

मग शेजारीपाजारी काळजीने विचारतात, ‘या पोरीला बोलायला कोण शिकवणार?’ या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे या घरात भाषाच नाही. मला तीच खोडून काढायची आहे.

लॉरा-अ‍ॅन पेटिटो या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाळं अवघी सहा, सगळी ऐकणारी. तिघांचे आईवडील बोलणारे, तिघांचे बधिर आणि सांकेतिक भाषा वापरणारे. बाळांच्या हातांच्या हालचाली त्यांनी यंत्रांनी मोजल्या. हात झाडणं, वस्तू पकडायला जाणं अशा हालचाली दोन्ही गटांत सारख्याच होत्या, सेकंदाला सुमारे अडीच या वेगाच्या. बधिर आईबाबांच्या बाळांत मात्र आणखी एक प्रकार दिसला: सेकंदाला सुमारे एक, संथ, तालबद्ध, आणि छातीसमोरच्या त्याच जागेत, जिथे मोठी माणसं खुणा करतात. इतर बाळं ‘बाबाबा’ करतात, तशी ही बाळं हातांनी बोबडं बोलत होती. कान शाबूत असूनही भाषेचा ताल त्यांनी डोळ्यांनी उचलला होता.

तो ताल पोहोचवण्याचं बधिर आयांचं तंत्रही पाहण्यासारखं आहे. आई आधी बाळाला हलकेच स्पर्श करते, त्याची नजर वळेपर्यंत थांबते. नजर वळली नाही तर हात त्याच्या डोळ्यांसमोर नेते. खूण मोठी करते, सावकाश करते, पुन्हा करते. कधी तर बाळाच्याच गालावर, पोटावर करते. लेकीचं आईशी पहिलं नातं जुळतं ते असं, नजरेला नजर देऊन.

बोलीभाषेचा प्रश्न खरा आहे, पण सुटणारा आहे. आजी, मावशी, शेजारची मुलं, बालवाडी यांच्याशी रोजची ऊठबस असली की बोलणं येतं. नुसता टीव्ही पुरत नाही. १९८१ मध्ये जिम या अमेरिकन मुलाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या बधिर आईवडिलांनी त्याच्याशी सांकेतिक भाषा वापरलीच नव्हती. इंग्रजी त्याच्या कानावर मुख्यतः टीव्हीवरून पडे. पावणेचार वर्षांचा झाला तरी त्याची वाक्यं मोडकीतोडकी होती. माणसं त्याच्याशी बोलू लागल्यावर तो भराभर सुधारला. म्हणून ‘मूल ऐकतं, तर त्याच्याशी खुणा करू नका’ हा सल्ला मला क्रूर वाटतो. तो मुलीकडून घरची भाषा काढून घेतो आणि आईला तिच्याच लेकीपुढे गप्प करतो.

अशा मुली मोठ्या झाल्यावर दोन्ही भाषा एकाच वेळी वापरू शकतात, कारण एक तोंडात असते आणि दुसरी हातांत. अमेरिकन सांकेतिक भाषेत ‘जर-तर’ची अट भुवया उंचावून दाखवतात, तो तिथल्या व्याकरणाचाच भाग आहे. जेनी पायर्स आणि कॅरन एमोरी या संशोधकांना २००८ मध्ये आढळलं, की बधिर आईबाबांची ऐकणारी मुलं खुणा मुळीच न जाणणाऱ्यांशी इंग्रजी बोलतानाही ‘जर’ म्हणताना भुवया उंचावतात.

या नात्यावर खरा भार पडतो तो घराबाहेर. बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत दुभाषाचं काम बहुतेकदा थोरल्या मुलीवर येतं. आईच्या गाठीचा रिपोर्ट दहा वर्षांच्या पोरीने आईला सांगायचा, स्वतःबद्दलची बाईंची तक्रारही तिनेच सांगायची. तिला शब्द येतात म्हणून त्यांचं ओझं तिला पेलतंच, असं नाही. रिपोर्ट सांगायला प्रशिक्षित माणूस असायला हवा. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषांसाठी पदविका अभ्यासक्रम आहेत; मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण अपंगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेत, दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रात. पण २०११ च्या जनगणनेनुसार देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेली माणसं पन्नास लाखांवर आहेत आणि दुभाषे फारच थोडे. तालुक्याच्या दवाखान्यात तर दुभाषा सहसा नसतोच. तिथे आजही मुलगी शाळा बुडवून आईबरोबर जाते.