डूम

डूम : प्रथमपुरुषी (म्हणजे पात्राच्या नजरेतून दिसणाऱ्या) नेमबाजीचा भयप्रधान संगणक-खेळ. अमेरिकेतील टेक्सस राज्यातल्या इड सॉफ्टवेअरने तो १० डिसेंबर १९९३ रोजी डॉस या तेव्हाच्या संगणक-प्रणालीसाठी आणला. मंगळाच्या फोबॉस व डीमॉस या उपग्रहांवरील तळांत नरकातले राक्षस शिरतात आणि एकटा सैनिक त्यांना भिडतो, इतपतच कथानक.

या प्रकारातला आद्य खेळ हे त्याचे बिरुद टिकणारे नाही. मेझ वॉर साधारणतः १९७३-७४ मधला, तर इडचाच वुल्फेनस्टाइन थ्रीडी १९९२ चा. चित्रणपद्धतीच्या श्रेयाबाबतही असाच घोळ आहे. जागेचे पुन्हापुन्हा दोन भाग पाडत जाणारी ‘बीएसपी ट्री’ ही इडचा प्रोग्रामर जॉन कारमॅक याची निर्मिती, असा समज आढळतो. तिचे बीज मात्र अमेरिकी हवाई दलासाठी झालेल्या १९६९ च्या अभ्यासात दिसते. फुक्स, केडेम व नेलर यांनी १९८० मध्ये तिला नेमके रूप दिले. कारमॅकला उपयोजनाचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक, आणि तेही लहान नव्हे. नकाशा तयार होतानाच हा वृक्ष बांधून ठेवलेला असतो, त्यामुळे कोणती भिंत पुढे व कोणती मागे हे खेळताना ३८६ प्रोसेसरच्या जुन्या, मंद संगणकालाही झटपट ठरवता येते. डिसेंबर १९९७ मध्ये सोर्स कोड (खेळाची मूळ प्रोग्राम-संहिता) खुला झाल्याने हे कोणालाही पडताळता येते. नकाशा मुळात सपाटच : जमिनीची व छताची उंची बदलते, पण खोलीवर खोली चढत नाही.

भीती राक्षसांच्या रूपापेक्षा उजेड आणि आवाजातून येते. प्रत्येक दालनाचा प्रकाश वेगळा. अंतराबरोबर तो मंदावतो, कुठे लुकलुकतो. गोळीचा आवाज लगतच्या दालनांत पोचतो, तिथले राक्षस जागे होतात आणि त्यांची गुरगुर ते दिसण्याआधीच कानी पडते. साउंड कार्ड नसलेल्या संगणकावर या गुरगुरीची नुसती टीं-टीं होई व संगीत गायबच असे. तसा खेळलेल्यांना डूम फारसा भीतिदायक वाटला नसल्यास नवल नाही.

पहिला भाग शेअरवेअर, म्हणजे फुकट वाटण्यास मोकळा होता. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले; तोवर, आणि नंतरही काही काळ, ठाणे-वाशीकडे असे खेळ फ्लॉपीवरूनच हातोहात फिरत. कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की ते सुरू होत. ‘आयडीडीक्यूडी’ ही गुप्त अक्षरे टाइप केली की मरण टळे. संगणक एकमेकांना जोडणाऱ्या आयपीएक्स नेटवर्कवर चौघांना एकत्र खेळता येई. पुढे सायबर कॅफेंच्या काळात ही जागा काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्याच खेळाने घेतली.