निखारा, अंतर आणि झाकण : परसदारच्या बार्बेक्यूची पार्श्वभूमी

जॉन व्हाइट हा इंग्रज चित्रकार १५८५ साली आजच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, रोआनोक बेटावर उतरला आणि तिथल्या अल्गाँक्वियन लोकांचं रोजचं जगणं जलरंगांत टिपू लागला. त्यातल्या एका चित्रात मासे भाजणं चाललंय. जमिनीत चार खुंट रोवलेले, त्यांवर आडव्या काठ्यांचा माच, खाली जाळ, वर अख्खे मासे. पाच वर्षांनी थिओडोर द ब्री याने त्यावरून कोरीव चित्र छापलं. त्याखालच्या मजकुरात व्हाइटच्याच मोहिमेतल्या टॉमस हॅरियटने आवर्जून नोंदवलं, की मासे करपू नयेत म्हणून हे लोक फार जपतात.

बार्बेक्यूचा पुढचा सगळा इतिहास मला त्या एका नोंदीत दिसतो. आग पेटवणं कुणालाही जमतं. जिन्नस आगीपासून किती लांब धरायचा, ही खरी विद्या.

कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडे अशा लाकडी माचाला जो शब्द होता, तो स्पॅनिश लोकांच्या लेखणीतून 'बार्बाकोआ' म्हणून उतरला. माचावर मांस भाजत, धान्य साठवत, झोपतही. म्हणजे मुळात बार्बेक्यू हे पदार्थाचं नाव नव्हे, लाकडी सांगाड्याचं. अशाच धुरावरच्या माचाला ब्राझीलच्या तुपी भाषेत वेगळा शब्द होता. फ्रेंचांनी त्याचं 'बुकाँ' केलं, आणि हिस्पॅनिओला बेटावर रानगुरं, रानडुकरं मारून त्यांचं मांस धुरावर सुकवणारे शिकारी 'बुकानिये' ठरले. पुढे हीच मंडळी चाचेगिरीकडे वळली आणि इंग्रजीत समुद्रचाच्यांना 'बकनीर' हे नाव मिळालं.

व्हर्जिनिया आणि अमेरिकेच्या दक्षिणेत माच गेला, चर आले. लांबलचक चर खणायचे, ओक किंवा हिकरीची लाकडं जाळून निखारे करायचे, ते चरात पसरायचे आणि वर अख्खं डुक्कर रात्रभर मंद आचेवर ठेवायचं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशीत मे १७६९मध्ये, अलेक्झांड्रियाला बार्बेक्यूसाठी गेलो आणि रात्रभर तिथेच राहिलो, अशी नोंद आहे. पाहुणे मौज करत असताना चराशी जागणारे हात बहुतेक वेळा गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांचे असत. निखारा किती घालायचा, मांस कधी उलटायचं, हे ज्ञान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. कौतुकाच्या गोष्टींत त्यांची नावं क्वचितच सापडतात, आणि हे मला फार खुपतं.

दक्षिणेत आजही 'बार्बेक्यू' म्हणजे हे धुरावरचं, तासन्‌तास चालणारं काम. जाळीवर दहा मिनिटांत भाजलं तर ते 'ग्रिलिंग'. आपण मराठीत दोन्हींना बार्बेक्यूच म्हणतो आणि मग कोंबडीची तंगडी बाहेरून काळी, हाडाशी कच्ची का राहिली, असा प्रश्न पडतो. दोन वेगळ्या कामांची आच आपण एकच धरलेली असते.

शेकडो माणसांचा हा सोहळा चार माणसांच्या अंगणात आला तो विसाव्या शतकात, आणि त्यात एका मोटारीचा वाटा आहे. फोर्डच्या मॉडेल टीला लाकूड बरंच लागे. मिशिगनच्या उत्तर भागात जंगल घेऊन देण्यात हेन्री फोर्डला त्याच्या नात्यातल्या एडवर्ड किंग्सफर्डची मदत झाली. कापून उरलेल्या लाकडाचं आणि भुश्शाचं काय करायचं? ओरिन स्टॅफर्ड या रसायनतज्ज्ञाच्या पद्धतीने त्याचा कोळसा करून, भुकटीत खळ मिसळून, दाबून वड्या पाडायला १९२०च्या दशकात सुरुवात झाली. कोळशाच्या वडीचं अमेरिकी पेटंट १८९७चं, एल्सवर्थ झ्वॉयरचं. फोर्डने मात्र ती मोटारींच्या दुकानांतून सहलीला निघालेल्या गिऱ्हाइकांच्या हाती दिली. १९५१ साली हा धंदा विकला गेला आणि कोळशाला किंग्सफर्डचं नाव मिळालं. वड्यांच्या कारखान्याच्या आखणीत फोर्डचा मित्र टॉमस एडिसन होता, असं कंपनीचा इतिहास सांगतो. न्यू जर्सीतल्या ज्या गावाचं नाव १९५४मध्ये याच एडिसनवरून ठेवलं गेलं, तिथे आज मराठी घरं पुष्कळ आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांबाहेर घरांच्या रांगा उठल्या आणि प्रत्येक घरामागे हिरवळीचा तुकडा आला. त्यावर बहुधा उघडी, उथळ शेगडी असे. वारा सुटला की राख ताटात, चरबी ठिबकली की भडका. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणारा जॉर्ज स्टीफन या प्रकाराला वैतागला होता. कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. १९५२ साली त्याने बोयाच्या खालच्या अर्ध्या गोलाला तीन पाय लावले, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं आणि हवेसाठी भोकं ठेवली. या गोल भांड्याला लोकांनी पुढे रशियाच्या गोल उपग्रहावरून 'स्पुटनिक' हे टोपणनाव दिलं.

झाकण ही गोष्ट साधी दिसते, पण तिने दोन परंपरा एका भांड्यात आणल्या. उघड्या जाळीवर फक्त खालून धग लागते. झाकण घातलं की आतली गरम हवा चहूबाजूंनी फिरते. निखारे एका बाजूला सारले आणि मांस दुसऱ्या बाजूला ठेवलं की चरातला मंद भाजा मिळतो. निखाऱ्यांच्या थेट वर सरकवलं की जाळीवरचा खरपूस रंग. भोकं उघडली की हवा वाढते, कोळसा फुलतो. मिटत आणली की निवतो. १९६०च्या दशकापासून गॅसच्या शेगड्या पसरल्या आणि सोय झाली, पण निखाऱ्याची शिस्त माणूस कोळशावरच शिकतो असं माझं ठाम मत आहे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८४७मध्ये मांडलं, की प्रखर आचेने मांसाचा पृष्ठभाग 'बंद' होतो आणि रस आत राहतो. कितीतरी पिढ्यांनी ते प्रमाण मानलं. ते चूक आहे. कवचातून रस झिरपतच राहतो, तव्यावर चुरचुर वाजते ती त्याचीच. प्रखर आच हवी ती चवीसाठी: लुई कामी मायार याने १९१२मध्ये दाखवलेली, प्रथिनं आणि साखर यांच्यातली तपकिरी रंग आणणारी क्रिया ओल्या पृष्ठभागावर मंदावते. म्हणून मुरवलेला तुकडा जाळीवर टाकण्याआधी निथळून, टिपून घ्यायचा. करपण्याचं भय मात्र हॅरियटच्या काळापेक्षा मोठं निघालं. १९७७मध्ये जपानच्या ताकाशी सुगिमुरा यांच्या गटाने भाजलेल्या माशाच्या जळक्या भागात पेशींतल्या जनुकांत बदल घडवणारी द्रव्यं असल्याचं दाखवलं.

अमेरिकी कृषी खात्याच्या आकड्यांनुसार कोंबडी आतून ७४ अंश सेल्सिअसला, खिमा ७१ला आणि मासा ६३ला सुरक्षित होतो. डुकराच्या अख्ख्या तुकड्यांसाठी आधी सांगितलेले ७१ अंश २०११मध्ये ६३वर आणले गेले, शिवाय आगीवरून काढल्यावर तीन मिनिटांची विश्रांती.

माशात जोडणाऱ्या ऊती थोड्या आणि त्या कमी उष्णतेतच विरघळतात, म्हणून तो लवकर शिजतो आणि लवकर फुटतो. थंड जाळीवर ठेवला तर त्याची प्रथिनं लोखंडाला धरून बसतात. जाळी आधी सणसणीत तापवायची, तेलाचा हात माशाला लावायचा आणि खालची बाजू खरपूस होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मग तो बहुधा आपणहून सुटतो. कोकणात चुलीतल्या निखाऱ्यांवर बांगडा भाजणाऱ्या बाया त्याला केळीच्या पानात गुंडाळतात तेव्हा पान तेच अंतर राखतं. एडिसन गावातल्या परसात केळीचं पान नसेल तर पापलेट निखाऱ्यांच्या कडेला, शेपटी धगीपासून लांब येईल असं आडवं ठेवायचं आणि झाकण लावायचं.