स्पर्श आणि हालचालीची जाणीव

डोळे मिटून तर्जनी हळूच वाकवली, तरी ती किती वाकली हे न पाहता कळते. या जाणिवेला गतिसंवेदन म्हणतात. १९७२ मध्ये गुडविन, मक्लॉस्की आणि मॅथ्यूज या संशोधकांनी स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेवर कंपन देऊन स्थिर हात हलल्याचा भास घडवला आणि या जाणिवेत स्नायूंचा मोठा वाटा आहे हे दाखवून दिले. त्वचेचा वाटा त्यानंतर हळूहळू ध्यानात आला. तो दुय्यम समजणे चुकीचे आहे, निदान बोटांच्या बाबतीत तरी.

बोट वाकताना सांध्यावरच्या सुरकुत्या ताणून सपाट होतात आणि आतल्या बाजूच्या कातडीला घड्या पडतात. असा ताण टिपणारे चेतातंतू त्वचेत असतात. एडिन आणि जोहान्सन यांनी १९९५ मध्ये दाखवले की कातडीवर नेमका तसाच ताण दिला तर बोट हलल्याची जाणीव होते. पुढे २००५ मध्ये कोपर आणि गुडघ्याबाबतही त्वचेचा असाच सहभाग आढळला.

त्वचेवरून काही सरकते तेव्हा दोन शक्यता असतात : वस्तू सरकली किंवा आपण सरकलो. स्थिर तळहाताखाली खरबरीत तबकडी फिरवली की हातच उलट दिशेने वळत असल्याचे वाटू लागते.

लॅकनर यांनी १९८८ मध्ये वर्णन केलेला भास याहून विलक्षण आहे. डोळे मिटून नाकाचा शेंडा चिमटीत धरायचा आणि दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेला कंपन द्यायचे. कोपर सरळ होत असून हात चेहऱ्यापासून दूर चालला आहे, असे स्नायू सांगतात. नाक अजून चिमटीतच आहे, असे बोटे सांगतात. मेंदू दोन्ही खरे धरतो, आणि अनेकांना आपले नाक लांब झाल्याचे जाणवते.

तोल सांभाळण्यातही हेच दिसते. डोळे मिटून उभे असताना बोटाचे टोक स्थिर वस्तूला नुसते टेकवले, तरी शरीराचे झुलणे स्पष्ट कमी होते. १९९४ मधील जेका आणि लॅकनर यांच्या प्रयोगात हा दाब एक न्यूटनपेक्षा कमी, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम वजनाहून हलका होता. एवढ्याने शरीर तोलून धरले जात नाही. पण अंग झुलले की बोटाची कातडी किंचित ओढली जाते आणि झोक कुठे जातो आहे याची खबर मेंदूला मिळते. तळपायांची त्वचाही हे काम सतत करत असते. म्हणून मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्या माणसाचा तोल अंधारात अधिक सहज जातो.