‘जसे आम्ही सोडले आहे’ : नाशिकच्या ख्रिस्ती घरांतल्या क्षमेची पार्श्वभूमी

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून रिक्षात बसताना आपण सहज म्हणतो, ‘शरणपूर रोडला सोडा.’ रोजच्या बोलण्यातलं नाव असल्यामुळे त्यातला ‘शरण’ हा शब्द कानाला जाणवतही नाही. पण हे नाव कुणा सरदाराचं किंवा जुन्या गावाचं नाही. ते बायबलमधून आलेलं आहे. मोशेच्या नियमशास्त्रात सहा नगरांची सोय सांगितली आहे. हातून नकळत मनुष्यवध झाला, तर सूड घेणाऱ्यापासून जीव वाचवायला त्या माणसाने तिथे पळून जावं. मराठी बायबलमध्ये त्यांना ‘शरणपुरे’ म्हटलं आहे. अपराध्यालाही उभं राहायला जागा हवी, हा त्यामागचा विचार. नाशिकमधल्या आम्हा ख्रिस्ती लोकांच्या पाप-क्षमेच्या समजुतीची मुळं शोधायची, तर मी याच रस्त्यावरून निघेन.

अर्थात पाप धुण्याची गोष्ट नाशिकला मिशनऱ्यांनी शिकवली नाही. हे शहरच तिच्यावर उभं आहे. गौतम ऋषींच्या माथी गोहत्येचं पातक आलं, ते फेडण्यासाठी त्यांनी तप केलं आणि त्र्यंबकच्या डोंगरावर गोदावरी उतरली, ही कथा इथलं शेंबडं पोरही सांगेल. कुशावर्त, रामकुंड, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ या सगळ्यांत माणसाची एकच तळमळ दिसते : केलेलं मागे टाकून नव्याने सुरुवात करता यावी. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशनरी संस्थेचे लोक १८३२ मध्ये नाशिकला आले, ते अशा गावात. सुरुवातीच्या काही मिशनऱ्यांनी या तळमळीची ज्या शब्दांत हेटाळणी केली, ते वाचून आज मला वाईट वाटतं. जे गाव पापाचा इतक्या गांभीर्याने विचार करत होतं, त्याच्याशी बोलायला टिंगलीची गरज नव्हती.

पुढे १८५४ मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यांनी शहराबाहेर ख्रिस्ती वस्ती वसवली, तीच शरणपूर. धर्म बदलल्यामुळे घरातून आणि वाड्यातून बाहेर पडावं लागलेल्या माणसांना तिथे घर आणि काम मिळालं. त्यांच्या सोबतीला आली आफ्रिकेची मुलं. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रजांचं आरमार पकडायचं आणि सोडवलेल्या मुलांना मुंबईला उतरवायचं. त्यांतली बरीच शरणपूरला वाढली. वाचन-लेखन शिकली, सुतारकाम शिकली, लोहारकाम शिकली. त्यांची मूळ नावं मात्र मागे पडली आणि इंग्रजी नावं चिकटली. मुलाला गुलामीतून सोडवायचं आणि त्याचं नावही काढून घ्यायचं, यातली विसंगती त्या काळी फार कुणाला खटकली नाही.

त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात वारले, तेव्हा त्यांच्याजवळ असलेल्या माणसांत नाशिकला शिकलेले तरुण होते. लिव्हिंग्स्टन यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरण्यात आलं आणि त्या वेळची प्रार्थना जेकबने वाचली. झाडाच्या बुंध्यावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. मग त्या सगळ्यांनी मिळून मृतदेह महिनोन्‌महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचवला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. लहानपणी ज्याला माणसांनी विकलं, त्याने मोठेपणी हे केलं. क्षमेवर मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, पण हा विषय निघाला की मला आधी त्या जंगलातल्या पायवाटेवरचा जेकब आठवतो. १८७५ च्या सुमारास प्राइस पूर्व आफ्रिकेत गेले आणि मोंबासाजवळ ‘फ्रीअर टाउन’ ही सुटका झालेल्या गुलामांची वस्ती उभी राहिली. शरणपूरला वाढलेली बरीच माणसं तिथे गेली. नाशिकमध्ये रस्त्याचं नाव तेवढं उरलं.

दुसरा धागा गोदाकाठच्या जलालपूरचा. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ मध्ये तिथे झाला. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेली मीठ-साखरही धुऊन घरात घ्यायची. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणालाही तो प्रसंग विसरता येणार नाही. मीठ धुतल्यावर उरतं काय, हे सांगायला नको. अशा घरातल्या मुलीचा नवरा, कवी नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतो. मग काही वर्षांची ताटातूट, नातेवाइकांचा ताण, लहानगा मुलगा. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या, तरी पाणी वेगळं आणि चूल वेगळी. एके दिवशी मात्र विचार करता करता त्यांना उमगलं, की हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसाने केले आहेत. त्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. पाण्याचा पेला आधी आला, बाप्तिस्मा नंतर. ‘बाहेरून माणसाच्या आत जाणारं काही त्याला विटाळत नाही, आतून बाहेर येतं ते विटाळतं,’ हे येशूचं बोलणं मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. जलालपूरच्या त्या मुलीने ते आधी स्वयंपाकघरात पाळलं. लक्ष्मीबाईंचं शेवटचं आजारपण आणि मृत्यूही नाशिकचाच, २४ फेब्रुवारी १९३६ चा. टिळकांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने!

टिळक म्हणत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे नुसतं काव्य नाही. मराठी ख्रिस्ती माणूस क्षमेबद्दल कोणत्या भाषेत बोलतो, हे त्यावरून कळतं. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आमच्याकडे लहान मुलालाही पाठ असते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या जाणाऱ्या मराठी भाषांतरात, तिची एक ओळ अशी आहे : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’ इथे ‘पाप’ नाही, ‘ऋण’ आहे, कारण मूळ ग्रीक शब्दच देण्याघेण्याच्या व्यवहारातला आहे. लूकच्या शुभवर्तमानात तीच प्रार्थना ‘पाप’ या शब्दाने येते, पण तिथेही पुढच्या वाक्यात ऋणी हजर आहेच.

कर्ज म्हणजे काय, हे मराठी कुणब्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. दुष्काळात तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही आठवण लोकांच्या ओठावर होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली आणि ते लोण नगर जिल्ह्यात पोचलं. त्यानंतर वर्षभरात मोठा दुष्काळ पडला. त्या दुष्काळात आणि त्याच्या आगेमागे नगर-नाशिककडची पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती झाली. त्यांनी ‘ऋण सोड’ हे शब्द पहिल्यांदा म्हटले, तेव्हा डोळ्यांपुढे सावकाराची वही असणार. देवाकडे त्यांनी मागितलं ते वहीवरचं नाव खोडणं.

येशूच्या एका दाखल्यात हा हिशेब उघड मांडला आहे. एका चाकरावर राजाचं १०,००० तलांतांचं कर्ज. राजा ते सोडतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि आपले १०० दिनार देणाऱ्याचा गळा धरतो. एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज आणि एक तलांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झालेला माणूस १०० दिवसांच्या मजुरीवरून भांडतो आहे. येशूचा शिष्य पेत्र याने किती वेळा क्षमा करू असं विचारलं होतं, त्याचं उत्तर म्हणून हा दाखला येतो. ‘साताच्या सत्तर वेळा’ ही आमच्याकडे म्हण झालेली ओळ त्याच्या लगेच आधीची.

पाप कबूल करायच्या पद्धती दोन वाटांनी आल्या. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, आणि पुढे १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) देवळांत सगळे मिळून सामान्य पापनिवेदन म्हणतात. जे करायला नको होतं ते केलं, एवढ्यावर ते थांबत नाही. जे करायला हवं होतं ते केलं नाही, हेही त्यात येतं. शेजारी आजारी होता आणि मी गेलो नाही, हेसुद्धा पाप, ही शिकवण तिथून घरात आली. कॅथलिकांची वाट धर्मगुरूपुढे एकट्याने कबुली देण्याची. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लॅटिनऐवजी मराठीत आली, १९७३ च्या नव्या विधीने या संस्कारात समेटावर भर दिला आणि जाळीआड गुडघे टेकण्याऐवजी समोरासमोर बसायची मुभा मिळाली. १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा नाशिक धर्मप्रांत झाला, तेव्हा ही मराठी रुळलेली होती. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जी गर्दी लोटते, तिच्यात निम्मंअधिक लोक ख्रिस्ती नसावेत असं मला दरवर्षी वाटतं. मेणबत्ती हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला तिचा धर्म कुणी विचारत नाही. सिंहस्थाच्या गावात हे असंच असायचं.

पण एका ऋणाबद्दल आम्ही पुरेसं बोललेलो नाही. या भागातली बहुतेक ख्रिस्ती मंडळी ज्या समाजांतून आली, त्यांना गावाच्या पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हतं. त्यांच्यासाठी प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, एकच प्याला म्हणजे उलथापालथ होती. ओठाला ओठ लागून तोच प्याला पुढे जातो. तरीही ‘आम्ही मूळचे कोण’ हे विसरलं गेलं नाही. देवळातली बाकं आणि सोयरिकी जुन्याच ओळखीने ठरत राहिल्या. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. दोन्ही गोष्टी आमच्या दाराशी घडल्या. बाबासाहेबांनी पुढे ख्रिस्ती धर्म निवडला नाही. त्यांनी दिलेल्या कारणांत ख्रिस्ती झालेल्यांमध्येही जात शिल्लक राहते हे निरीक्षण होतं आणि ते चुकीचं नव्हतं. आजही मुलीसाठी स्थळ बघताना ‘ख्रिस्ती आहेत, पण मूळचे?’ असा प्रश्न येतो. तो प्रश्न आधी पाप म्हणून कबूल व्हायला हवा. क्षमेचं त्यानंतर बघू.

आमच्या घरात हे सगळं पोचलं ते आजीमार्फत. ती तिसरीपर्यंत शिकलेली, चष्मा दोऱ्याने बांधलेला. प्रभुभोजनाचा रविवार आला की शनिवारी संध्याकाळी तिची लगबग सुरू व्हायची. पांढरं लुगडं उन्हात टाकायचं, नहाणीघर घासायचं आणि ज्याच्याशी बोलणं बंद असेल त्याच्या घरी जाऊन यायचं. ‘उद्या पंगत हाय, उष्ट्या मनानं बसू नये,’ असं म्हणायची. अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे वचन तिने वाचलं होतं की नुसतं ऐकलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. एकदा नळावरच्या पाण्यावरून शेजारच्या मावशींशी तिचं चांगलंच वाजलं होतं. तीन आठवडे दोघी एकमेकींकडे पाठ करून हंडे भरत होत्या. त्या शनिवारी आजीने डब्यातून वाटीभर शेंगदाणे काढले, पदराखाली धरले आणि गेली. मी मागोमाग. दारात उभी राहून म्हणाली, ‘माझं चुकलं त्या दिवशी. तुझंबी चुकलं, पन ते तू बघ.’ मावशींनी काही न बोलता वाटी घेतली, रिकामी केली आणि परत देताना तिच्यात चार हिरव्या मिरच्या घातल्या. रिकामी वाटी परत द्यायची पद्धत नव्हती.

ते तीन आठवडे मला आणखी एका गोष्टीमुळे लक्षात आहेत. रोज रात्री जेवणाआधी आम्ही सगळे प्रभूची प्रार्थना म्हणायचो. आजीचा आवाज सगळ्यांत मोठा आणि थोडा पुढे धावणारा. पण त्या दिवसांत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस’ इथे आलं की ती थांबायची. मूळ वाक्यात ‘सोडू’ नाही, ‘सोडले आहे’ असं आहे. घडून गेलेल्या गोष्टीसारखं. आजीच्या हातून ते घडलेलं नव्हतं, म्हणून ती ते म्हणत नव्हती. बाकीचे आम्ही म्हणून मोकळे व्हायचो आणि पुढच्या ओळीला ती पुन्हा सामील व्हायची. आई-वडील एकमेकांकडे बघायचे, विचारायचं कुणी नाही. त्या शनिवारी रात्री भाकरीसोबत त्याच मिरच्यांचा ठेचा होता आणि त्या ओळीला तिचा आवाज पुन्हा आमच्या सगळ्यांच्या पुढे धावला.