बर्नआउट की डिप्रेशन? सुट्टीत काय होतं ते बघा

सेमिस्टर संपत आलं की कुणी म्हणतं "यार मी डिप्रेस्ड आहे", कुणी म्हणतं "बर्नआउट झालाय", आणि बहुतेक वेळा दोघांना सांगायचं असतं एकच, की आता बास. मीपण हे दोन शब्द आलटून पालटून वापरायचो. दुसऱ्या वर्षाला असताना रूममेटला महिनाभर सांगत होतो, "अरे बर्नआउट आहे, चार दिवस घरी जाऊन झोप काढ". तो गेला आणि आला तो आणखीच गप्प होऊन. वरून दोन्ही सारखंच दिसतं, लेक्चर बुडतात, असाइनमेंट पडून राहते, झोपेचे तीनतेरा, फोन वाजला तरी उचलावासा वाटत नाही, म्हणून तर घोळ होतो.

बर्नआउट हा शब्द मुळात विद्यार्थ्यांचा नाहीच. 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने तो मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांबद्दल वापरला, मग क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञांनी त्याचे तीन भाग सांगितले: पार पिळून निघणं, कामाबद्दल तुटक होणं, आणि आपल्याला काही जमतच नाही असं वाटणं. गंमत म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे आजारांच्या अधिकृत यादीत, बर्नआउट आहे पण आजार म्हणून नाही, आणि तो फक्त कामधंद्याच्या संदर्भातच वापरा असंही तिथे लिहिलंय. तरी संशोधक अभ्यासाचा बर्नआउट मोजतात, आणि माझ्या मते बरोबरच करतात, अभ्यास हे कामच आहे, फक्त पगार नाही.

डिप्रेशन मात्र निदान आहे. डॉक्टर नऊ लक्षणं बघतात, त्यातली किमान पाच, दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्यात एक तर मन उदास हवं नाहीतर कशातच रस उरलेला नको.

हा "कशातच" शब्द महत्त्वाचा. बर्नआउटवाल्याला पुस्तक उघडलं की मळमळतं पण मित्र गेम खेळायला बोलावतात तेव्हा तो उठतो, हसतो, रात्री दोनपर्यंत जागतो. डिप्रेशनमध्ये तो गेमच बेचव होतो, जेवण बेचव होतं, आवडतं माणूस समोर बसलंय आणि आत काहीच हलत नाही. बर्नआउटमध्ये राग कोर्सवर, सरांवर, सिस्टिमवर असतो, डिप्रेशनमध्ये तो फिरून स्वतःवर येतो, मी नालायक, मी सगळ्यांना ओझं. सुट्टीत अभ्यास कॉलेजातच राहतो म्हणून पहिला हळूहळू सैल पडतो, दुसरं बॅगेतून सोबत येतं. पण ही काही पक्की टेस्ट नाही हां, डिप्रेशनमधला माणूसही तासभर हसू शकतो आणि मुरलेला बर्नआउट चार दिवसांत जात नाही.

कारणंही वेगवेगळी आहेत. बर्नआउटची बरीचशी टाइमटेबलमध्येच सापडतात: एकावर एक डेडलाइन, मार्क कसे देतात ते कळत नाही, शिकता शिकता नोकरी, आणि सगळं परफेक्टच हवं हा हट्ट. डिप्रेशनची मुळं बऱ्याचदा कॉलेजच्या आधीची. घरात कुणाला असणं (जुळ्यांवरच्या अभ्यासांनुसार आनुवंशिकतेचा वाटा 37 टक्क्यांच्या आसपास), आधी एकदा होऊन गेलेलं असणं, लहानपणी झालेली मारहाण किंवा अत्याचार. त्यावर मग एकटेपणा, ब्रेकअप, कुणाचा मृत्यू, पैशाची ओढाताण, दारू, अपुरी झोप. वयही नेमकं तेच, मानसिक आजारांपैकी जवळपास तीन चतुर्थांश 24 च्या आत सुरू होतात, म्हणून सगळं खापर कॉलेजवर फुटतं.

आकड्यांमध्येही हाच घोळ. 2016 च्या एका मोठ्या आढाव्यात मेडिकलच्या 27.2 टक्के विद्यार्थ्यांमध्ये डिप्रेशन किंवा त्याची लक्षणं दिसली, पण त्यातली बहुतेक मोजणी विद्यार्थ्यांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवरची आहे. थकवा, झोप, लक्ष लागणं असलं परीक्षेच्या आठवड्यात विचारलं तर कुणाचाही स्कोअर चढेल. आकडा खोटा नाही, फक्त त्यातल्या प्रत्येकाला डिप्रेशनचा पेशंट समजू नका. आणि उलट बाजूने, बर्नआउट लांबला तर माणूस डिप्रेशनमध्ये जाऊ शकतो, दोन्ही एकत्रही असतात.

उपायाला तर फरक पडतोच. बर्नआउटवाल्याचं ओझं उतरवा, एक विषय पुढे ढकला, मुदत वाढवून मागा, झोपू द्या. डिप्रेशनवाल्याला रूममध्ये एकटं सोडून "आराम कर" म्हटलं तर उरलंसुरलं रुटीन, ऊन, माणसं सगळं तुटतं. तिथे उलटं करावं लागतं, मूड यायची वाट न बघता एखादी छोटी गोष्ट आधी करायची, जोडीला थेरपी, लागलं तर गोळ्या, ज्यांचा असर दिसायला सहसा दोन ते चार आठवडे किंवा जास्तही लागतात. आणि मरणाचे विचार येत असतील तर बर्नआउट की डिप्रेशन हा वाद सोडा, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा.

रूममेट शेवटी काउन्सेलरकडे गेला, तिथून डॉक्टरकडे, त्यांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं कारण थकवा तिथूनही येतो. खूप नंतर तो मला म्हणाला की घरी त्या चार दिवसांत तो झोपलाच नव्हता, रोज पहाटे चारला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचा. मी आल्या आल्या विचारलं होतं, "काय, झाला का आराम?" तो हो म्हणाला होता.