रॉझवेलची तबकडी म्हणजे नेमकं काय होतं
दर जुलैला न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलमध्ये एलियनची जत्रा भरते, लोक कुत्र्यांनासुद्धा नटवून आणतात, आणि तोच जुना किस्सा परत निघतो की १९४७ ला तिथे तबकडी पडली अन् अमेरिकेने लपवली. लपवलं हे खरंय, पण तबकडी नाही! ८ जुलैला लष्करानेच 'उडती तबकडी मिळाली' असं जाहीर केलं, मग लगेच घूमजाव, म्हणे हवामानाचा फुगा. माळावर सापडलं काय, तर रबराचे तुकडे, चंदेरी कागद, चिकटपट्टी आणि काड्या. ह्यात बसून कोण येणार सांगा. ती होती प्रोजेक्ट मोगल ह्या अमेरिकेच्या गुप्त मोहिमेची फुग्यांची माळ, सोव्हिएत अणुचाचणीचा आवाज वरच्या हवेत टिपायला सोडलेली, एअर फोर्सने हे १९९४ ला सांगितलं. एलियनच्या बॉड्यांच्या गोष्टी तर तीसेक वर्षांनी सुरू झाल्या.