बाद कोण होतो, त्यावर नेता ठरतो

६ डिसेंबर १९७६. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातले डेमोक्रॅटिक सदस्य आपला नवा बहुमत नेता निवडायला जमले होते. सभापतींच्या खालोखालचं हे पद, आणि पुढे सभापतिपदाकडे नेणारी वाटही. उमेदवार चार होते: कॅलिफोर्नियाचे फिलिप बर्टन, मिसुरीचे रिचर्ड बोलिंग, टेक्ससचे जिम राइट आणि कॅलिफोर्नियाचेच जॉन मॅकफॉल. मतदान गुप्त. प्रत्येकाने एकाच नावाला मत द्यायचं. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत तर तळाचा उमेदवार बाद आणि पुन्हा मतदान.

पहिल्या फेरीत बर्टन १०६, बोलिंग ८१, राइट ७७, मॅकफॉल ३१. मॅकफॉल गेले. दुसऱ्या फेरीत बर्टन १०७, राइट ९५, बोलिंग ९३. बोलिंग गेले, अवघ्या दोन मतांनी. तिसऱ्या फेरीत राइट १४८, बर्टन १४७. पहिल्या दोन फेऱ्यांत आघाडीवर असलेला माणूस एका मताने हरला आणि पहिल्या फेरीत तिसरा आलेला नेता झाला. हेच राइट १९८७ मध्ये सभापती झाले.

शेवटच्या फेरीतलं ते एक मत सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण माझ्या मते खरा फैसला दुसऱ्या फेरीत झाला. तिथं बोलिंगऐवजी राइट बाद झाले असते, तर अखेरची लढत बर्टन विरुद्ध बोलिंग अशी झाली असती. तिचा निकाल काय लागला असता, हे वरच्या आकड्यांतून काही केल्या काढता येत नाही. मतदार तेच २९५, त्यांच्या आवडीनिवडीही त्याच, तरी नेता वेगळा असू शकला असता. मतांइतकीच मोजण्याची पद्धतही नेता निवडत असते, हे गणिताने अडीचशे वर्षांपूर्वीच दाखवलं आहे. आपण मात्र निकाल वाचताना तिच्याकडे क्वचितच बघतो.

उमेदवार दोनच असतील तर काही अडचण नाही. १९६६ च्या जानेवारीत काँग्रेस संसदीय पक्षाने नेता निवडला, तेव्हा इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजी देसाईंना १६९ मतं पडली. कुठल्याही शहाण्या पद्धतीने मोजलं तरी निकाल तोच लागला असता. केनेथ मे या गणितज्ञाने १९५२ मध्ये सिद्धच केलं, की दोन पर्यायांत निवड करायची असेल आणि सगळे मतदार सारखे, दोन्ही पर्याय सारखे, एखादं मत वाढल्याने कुणाचं नुकसान नाही आणि बरोबरी असेल तर त्या एका मताने निकाल लागावा, एवढ्या अटी पाळायच्या असतील, तर साधं बहुमत हीच एकमेव पद्धत उरते.

तिसरा उमेदवार आला की ही निश्चिंती संपते. शंभर सदस्यांचा एक संसदीय पक्ष घ्या. त्यात दोन गट आहेत आणि त्यांच्यामध्ये थोडे मवाळ. पहिल्या गटाच्या ‘क’ला ४० मतं, दुसऱ्या गटाच्या ‘ख’ला ३५ आणि दोघांनाही चालेल अशा ‘ग’ला २५. नियमाप्रमाणे ‘ग’ बाद. आता समोरासमोर लढती लावून बघा. ‘क’ विरुद्ध ‘ग’ झाली, तर ‘ख’चे ३५ जण ‘ग’कडे येतील आणि ‘ग’ ६०-४० ने जिंकेल. ‘ख’ विरुद्ध ‘ग’ झाली तर ‘ग’ ६५-३५ ने जिंकेल. ज्याला कुणीच हरवू शकत नाही, तोच सर्वांत आधी घरी गेला!

प्रत्येकाला एकेकट्याने हरवणाऱ्या अशा उमेदवाराला कॉन्डॉर्सेचा विजेता म्हणतात. मार्की द कॉन्डॉर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्ये आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. तिच्यातली खोचही त्यानेच दाखवली. कधीकधी असा विजेता नसतोच: बहुमताला ‘ख’पेक्षा ‘क’ बरा वाटतो, ‘ग’पेक्षा ‘ख’ बरा, आणि ‘क’पेक्षा ‘ग’ बरा. प्रत्येक मतदाराचा क्रम अगदी सुसंगत, तरी सगळ्यांचा मिळून गोल गोल फिरणारा. केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये हा धागा टोकाला नेला. पर्याय तीन किंवा अधिक असले, की मतदारांच्या पसंतीक्रमांतून सगळ्यांचा मिळून एक क्रम लावणारी आणि न्यायाच्या काही साध्या अटी नेहमी पाळणारी पद्धत असूच शकत नाही, असं त्यांनी सिद्ध केलं. १९७२ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये ते एक मानकरी होते.

यावरून कुणी ‘मग सगळ्याच पद्धती सारख्या वाईट’ असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा आहे. डंकन ब्लॅक यांनी १९४८ मध्ये एक दिलासा दिला होता. उमेदवार एका रेषेवर मांडता येत असतील, समजा एका टोकाला कडवे आणि दुसऱ्या टोकाला मवाळ, आणि प्रत्येक सदस्य आपल्या जागेपासून जो जितका लांब तो तितका नावडता असं मानत असेल, तर तो गोल फेरा येतच नाही. बरोबर मधोमध बसलेल्या सदस्याचा आवडता उमेदवार बाकी सगळ्यांना हरवतो. पक्षांतर्गत निवडणुका पुष्कळदा याच वळणाच्या असतात. म्हणजे सर्वांना चालणारा माणूस बहुधा असतो; तळाचा बाद करण्याची पद्धत त्याला मधल्यामध्ये चिरडू शकते, कारण ती फक्त पहिली पसंती विचारते.

या पद्धतीचा आणखी एक दोष ऐकताना खोटा वाटतो: मतं वाढल्यामुळे उमेदवार हरू शकतो. ‘क’ ३९, ‘ख’ ३१, ‘ग’ ३० असं चित्र धरा. ‘ग’ बाद होतो, त्याचे २० समर्थक ‘क’कडे आणि १० ‘ख’कडे जातात, ‘क’ ५९ मतांनी जिंकतो. आता मतदानाआधी ‘क’ने ‘ख’चे दोन सदस्य आपल्याकडे वळवले असं समजा. ‘क’ ४१, ‘ख’ २९, ‘ग’ ३०. या वेळी ‘ख’ बाद होतो, आणि त्याचे २१ जण ‘ग’कडे गेले तर ‘क’ला आठच मिळतात. ‘ग’ ५१, ‘क’ ४९. दोन मतं जास्त मिळवून ‘क’ने नेतेपद घालवलं, कारण समोरचा प्रतिस्पर्धी बदलला.

म्हणून हुशार उमेदवार स्वतःची मतं मोजतो, तसा आपल्यासमोर कोण उरावं याचाही हिशेब करतो. १९७६ मध्ये बर्टन यांनी बोलिंगना बाद करण्यासाठी आपली काही मतं राइटकडे सरकवली, अशी चर्चा झाली. ती कधीच सिद्ध झाली नाही. एवढं मात्र दिसतं, की मॅकफॉल यांची ३१ मतं मोकळी झाल्यावर बर्टन यांची बेरीज फक्त एकाने वाढली.

ब्रिटनच्या हुजूर पक्षाची २०२४ ची शर्यत तर डोळ्यांदेखत घडली. खासदारांच्या तिसऱ्या फेरीत जेम्स क्लेव्हर्ली ३९ मतांनी पुढे होते, रॉबर्ट जेनरिक ३१, केमी बेडनॉक ३०, आणि २० मतांचे टॉम टुगेनहाट बाद. दुसऱ्याच दिवशी बेडनॉक ४२, जेनरिक ४१, क्लेव्हर्ली ३७. वीस मतं मोकळी झाली असताना आघाडीवरच्या माणसाची दोन कमी झाली आणि तोच बाहेर पडला. पाठीराख्यांनी नको तो प्रतिस्पर्धी काढायला मतं उसनी दिली आणि गणित अंगाशी आलं, असा अर्थ अनेकांनी लावला. मतदान गुप्त असल्याने नेमकं कोण कुठे गेलं हे आकडे सांगत नाहीत. पुढे पक्षसदस्यांच्या मतदानात बेडनॉक ५३,८०६ विरुद्ध ४१,३८८ अशा जिंकल्या.

सर्वसाधारण निवडणुकीत लाखो मतदारांना एकमेकांशी असं संगनमत करता येत नाही. संसदीय पक्षात फार तर काहीशे लोक असतात, सगळे एकमेकांना ओळखतात, रोज मतांची गोळाबेरीज करणं हाच त्यांचा पेशा, आणि प्रत्येक फेरीनंतर ताजे आकडे हातात. डावपेचांना याहून सुपीक जमीन नाही. गिबर्ड यांनी १९७३ मध्ये आणि सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की तीन किंवा अधिक उमेदवारांत जिंकण्याची संधी सगळ्यांना असेल आणि एकाच माणसाची हुकूमशाही नसेल, तर चिठ्ठ्या-सोडती न टाकणाऱ्या कुठल्याही पद्धतीत कधी ना कधी खोटी पसंती लिहून फायदा होतोच. डावपेच संपवता येत नाहीत. ते अवघड मात्र करता येतात.

गुप्तता काय करते, याचा एक नमुना २० ऑक्टोबर २०२३ ला मिळाला. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात सभापतिपदासाठी जिम जॉर्डन यांना भर सभागृहात, नाव पुकारून घेतलेल्या मतदानात १९४ मतं पडली, सगळी त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाची. त्याच दिवशी त्याच पक्षाने बंद दाराआड गुप्त मतदान घेतलं: जॉर्डन उमेदवार राहावेत का? ‘हो’ ८६, ‘नाही’ ११२. प्रश्न थोडा वेगळा होता हे खरं. ते जिंकणार नाहीत हे दिसल्यावर काहींनी नाइलाजाने नकार दिला असेल. तरी एवढी मोठी दरी निव्वळ त्यामुळे पडली, हे मला पटत नाही. मतदारसंघ, देणगीदार आणि पक्षातले दांडगे बघत असतात तेव्हा सदस्य एक बोलतो आणि एकटा असताना दुसरं. नेतानिवडीच्या मतदानात गुप्तता हवीच.

फेऱ्यांच्या बाजूने बोलण्यासारखंही आहे. दोन फेऱ्यांमध्ये बोलणी होतात, बाद झालेला कुणाला तरी पाठिंबा देतो, त्यातून पक्ष एकत्र येतो. पण हे मतदानाआधीही होऊ शकतं. प्रत्येक सदस्याने एकदाच, गुप्तपणे, सगळ्या उमेदवारांचा पसंतीक्रम लिहावा आणि त्यावरून प्रत्येक जोडीची लढत मोजावी, असं मला ठामपणे वाटतं. हुजूर पक्षाच्या त्या शर्यतीत सुरुवातीला सहा उमेदवार होते, म्हणजे पंधरा जोड्या. संगणकाला क्षणभराचं काम. क्लेव्हर्ली बेडनॉक आणि जेनरिक या दोघांनाही हरवू शकले असते की नाही, हे तेव्हा कागदावर आलं असतं. आणि क्वचित तो गोल फेरा उद्भवलाच तर तो कसा तोडायचा, याचा नियम उमेदवारांची नावं पुढे येण्याआधी लिहून ठेवावा लागेल. नावं कळल्यावर त्या नियमावरही हेच डावपेच सुरू होतील.